शिट्टी, पडदा आणि कानातला आवाज

व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजेच ‘व्हीएआर’, हा फुटबॉलमधला मैदानात न उतरणारा पंच. तो एका बंद खोलीत पडद्यांच्या भिंतीसमोर बसतो, एकच प्रसंग चार-सहा कोनांतून पाहतो आणि मैदानावरच्या पंचाशी कानातल्या यंत्रातून बोलतो. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्डाने, ‘इफॅब’ने, 2016 मध्ये या पद्धतीच्या चाचण्यांना परवानगी दिली आणि 3 मार्च 2018 रोजी झ्युरिकच्या बैठकीत तिला नियमावलीत जागा दिली. ही संस्था 1886 सालची. नियमात काना-मात्रा बदलायलाही वर्षानुवर्षे लावणाऱ्या या मंडळाने दोन वर्षांत एवढा मोठा बदल मान्य केला, यावरून पंचांच्या चुकांचा प्रश्न किती हाताबाहेर गेला होता ते कळते.

व्हीएआरला मोकळे रान मात्र दिलेले नाही. 2018 च्या नियमानुसार तो चारच बाबतींत बोलू शकतो: गोल झाला की नाही, पेनल्टी द्यायची की नाही, थेट लाल कार्डाचा प्रसंग, आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेले कार्ड. तिथेही पंचाची चूक ढळढळीत असली किंवा एखादा गंभीर प्रसंग त्याच्या नजरेतून पूर्ण निसटला असला, तरच. निर्णय आधी मैदानावरच्या पंचाने द्यायचा आणि तो बदलायचा की नाही हेही त्यानेच ठरवायचे. ‘कमीत कमी हस्तक्षेप, जास्तीत जास्त लाभ’ हे या पद्धतीचे घोषवाक्य आहे.

जे सगळ्यांना दिसले, ते पंचाला नाही

पंचाची अडचण मुळात शरीराची आहे. मोठ्या सामन्यात तो दहा-बारा किलोमीटर धावतो, आणि निर्णायक क्षणी त्याच्या व चेंडूच्या मध्ये चार खेळाडू आडवे येतात. 1986 मध्ये मेक्सिको सिटीत मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला, तेव्हा ट्युनिशियाचे पंच अली बेनासर यांना तो हात दिसला नाही. त्यांनी साहाय्यकाकडे पाहिले, तिकडूनही काही आले नाही, आणि गोल मान्य झाला.

खरा कडेलोट झाला तो 27 जून 2010 रोजी, दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात. दुपारी ब्लुमफाँटेनला इंग्लंडच्या फ्रँक लँपार्डचा फटका आडव्या खांबाला लागून गोलरेषेच्या चांगला आत पडला आणि उसळून बाहेर आला. त्या वेळी जर्मनी 2-1 ने पुढे होता. पंचांनी गोल दिला नाही आणि सामना 4-1 असा संपला. त्याच संध्याकाळी जोहान्सबर्गला अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझने मेक्सिकोविरुद्ध स्पष्ट ऑफसाइड असताना गोल केला. गोल दिल्यानंतर तो प्रसंग स्टेडियममधल्या मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवला गेला. मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे बोट दाखवत पंचांभोवती जमले. इटलीचे पंच रोबेर्तो रोसेत्ती आपल्या साहाय्यकाजवळ जाऊन बोलले. पण पडद्यावरचे दृश्य पाहून निर्णय बदलायची मुभा नियमात नव्हती, म्हणून गोल कायम ठेवावा लागला. पुढे हेच रोसेत्ती 2018 च्या विश्वचषकासाठी फिफाच्या व्हीएआर प्रकल्पाचे प्रमुख झाले.

2010 च्या त्या रविवारानंतर पहिली वाट निघाली ती गोलरेषेपुरती. 2012 मध्ये गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली. त्याच्या रूढ पद्धतीत प्रत्येक गोलपोस्टवर सात कॅमेरे रोखलेले असतात आणि चेंडू पूर्ण आत गेला की सेकंदभरात पंचाच्या मनगटावरचे घड्याळ थरथरते. यात मत कुणाचेच नाही. प्रश्न ‘आत की बाहेर’ एवढाच, आणि उत्तर यंत्राचे. तरीही 17 जून 2020 रोजी अॅस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यात व्हिलाचा गोलरक्षक चेंडू छातीशी धरून रेषेच्या आत गेला आणि घड्याळ गप्प राहिले. खेळाडूंची गर्दी आणि खांब यांमुळे सातही कॅमेऱ्यांना चेंडू पुरेसा दिसला नव्हता. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने नंतर माफी मागितली. सामना 0-0 असाच नोंदला गेला.

न थांबणारा खेळ

मराठी वाचकाला पडद्यावरचा पंच क्रिकेटने केव्हाच ओळखीचा करून दिला आहे. नोव्हेंबर 1992 मध्ये डर्बनला सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचाने धावबाद ठरवलेला कसोटीतला पहिला फलंदाज झाला. मग फुटबॉलला आणखी पाव शतक का लागले? क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूनंतर खेळ आपोआप थांबतो आणि त्या फटीत पडदा बसवता येतो. फुटबॉलमध्ये अशी फट नाही. एका टोकाला पेनल्टीचे अपील फेटाळले गेल्यावर चेंडू आठ-दहा सेकंदांत दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथे गोलही होऊ शकतो. मग आधीची पेनल्टी खरी ठरली, तर नंतरचा गोल पुसून टाकावा लागतो.

त्यामुळे व्हीएआरच्या नियमांचा बराचसा भाग ‘केव्हा थांबायचे’ याच प्रश्नाभोवती फिरतो. पडताळणी प्रत्येक गोल आणि पेनल्टीच्या प्रसंगी आपोआप चालते, बहुतेक वेळा खेळाडूंना आणि प्रेक्षकांना तिचा पत्ताही लागत नाही. शंका उरली तरच पंच कानाला बोट लावून खेळ थांबवून ठेवतो. एकदा खेळ पुन्हा सुरू झाला, की हिंसक वर्तन किंवा चुकीची ओळख असे मोजके अपवाद सोडून मागे जाता येत नाही. या शेवटच्या अटीची किंमत पुढे एका संघाला फार जड गेली.

या पद्धतीची मशागत नेदरलँड्समध्ये झाली. तिथल्या फुटबॉल संघटनेने ‘आर्बिट्राज 2.0’ या प्रकल्पात मैदानाबाहेर उभ्या केलेल्या गाडीत पडदे लावून पंचांना बसवले. सामने खरे, खोलीतले निर्णय मात्र सरावाचे. ते मैदानापर्यंत पोहोचत नसत. पुढे चाचण्यांना परवानगी मिळाल्यावर तिथेच सप्टेंबर 2016 मध्ये आयाक्स आणि विलेम द्वितीय यांच्या चषक सामन्यात अन्वर कालीला दाखवलेले पिवळे कार्ड खोलीतून आलेल्या सल्ल्यावरून लाल झाले.

खोलीच्या आत

2018 च्या विश्वचषकात रशियातल्या बारा मैदानांवरची दृश्ये मॉस्कोतल्या एकाच केंद्रात येत होती. एका सामन्यासाठी प्रक्षेपणाचे 33 कॅमेरे, आणि ऑफसाइडसाठी दोन वेगळे. मुख्य व्हीएआरबरोबर तीन साहाय्यक असत. व्हीएआर एका प्रसंगाची तपासणी करत असताना पहिला साहाय्यक चालू खेळावरची नजर काढत नसे. दुसरा फक्त ऑफसाइड पाही. तिसरा दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण पाहत खोलीतला संवाद सांभाळी. शेजारी दृश्ये मागेपुढे करणारे तंत्रज्ञ. पंच नसलेली ही माणसे या खोलीत फार महत्त्वाची, कारण पस्तीस कॅमेऱ्यांपैकी नेमका कोणता कोन आधी दाखवायचा हे त्यांच्या बोटांवर असते. चांगला तंत्रज्ञ व्हीएआरने मागण्याआधीच योग्य दृश्य काढून ठेवतो.

दृश्य कोणत्या वेगाने पाहायचे यालाही शिस्त आहे. स्पर्श कुठे झाला, चेंडू हाताला लागला का, फाऊल पेनल्टी क्षेत्राच्या आत की बाहेर, अशा वस्तुस्थितीसाठी संथ गती चालते. पण टॅकल किती जोरात होते किंवा हात मुद्दाम पुढे आला का हे ठरवताना मूळ वेगातलेच दृश्य पाहावे, असा नियम आहे. संथ गतीत प्रत्येक धडक क्रूर वाटते आणि प्रत्येक हालचाल जाणूनबुजून केलेली.

मताचा प्रश्न असेल तर पंच मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्यापाशी जाऊन स्वतः पाहतो. हवेत बोटांनी चौकोन काढण्याची त्याची खूण आता गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे. खेळाडूने तीच खूण करून पुनर्पाहणीची मागणी लावून धरली, तर त्याला पिवळे कार्ड मिळते. 15 जुलै 2018 च्या अंतिम सामन्यात फ्रान्स आणि क्रोएशिया 1-1 असे बरोबरीत असताना फ्रान्सचा कॉर्नर इव्हान पेरिसिचच्या हाताला लागला. अर्जेंटिनाचे पंच नेस्तोर पिताना पडद्यापाशी गेले, पाहून मैदानाकडे वळले, आणि पुन्हा माघारी येऊन एकदा पाहिले. मग पेनल्टी दिली. ग्रीझमनने गोल केला, फ्रान्सने सामना 4-2 ने जिंकला. हात चेंडूला लागला होता याबद्दल वाद नव्हता. तो गुन्हा होता का, यावर जाणकारांचे आजही एकमत नाही, आणि ते होण्यासारखेही नाही.

कॅमेऱ्याने हाताचा नियमच ढवळून काढला. पूर्वी पंच डोळ्यांनी जेवढे पाहील तेवढ्यावर भागत असे. आता प्रत्येक स्पर्श दिसू लागल्यावर प्रत्येक स्पर्शासाठी नियम हवा झाला. 2019 मध्ये इफॅबने आक्रमक संघाच्या हाताला चेंडू चुकून लागला तरी त्यातून आलेला गोल रद्द, असे ठरवले. त्यातून इतके विचित्र निर्णय निघाले, की 2021 मध्ये सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागलेला चेंडू त्या कलमातून वगळावा लागला.

सतरा सेंटीमीटर

ऑफसाइड हा कागदावर वस्तुस्थितीचा प्रश्न. पास दिला गेला त्या क्षणी आक्रमकाचे गोल करता येईल असे कोणतेही अंग शेवटून दुसऱ्या बचाव करणाऱ्या खेळाडूच्या पुढे होते का, एवढेच पाहायचे. पण ‘तो क्षण’ पकडायचा कसा? सेकंदाला 50 चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये 0.02 सेकंदाचे अंतर असते. ताशी 30 किलोमीटर वेगाने धावणारा आघाडीपटू तेवढ्यात सुमारे 17 सेंटीमीटर पुढे जातो. त्याच वेळी बचावपटू उलट दिशेने येत असेल, तर फरक आणखी वाढतो. अशा चित्रावर रेषा आखून काखेचा किंवा बुटाच्या टोकाचा ऑफसाइड जाहीर करणे म्हणजे यंत्राच्या क्षमतेपेक्षा जास्त अचूकतेचा दावा करणे होते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगला 2021-22 च्या हंगामापासून जाड रेषा वापरून संशयाचा फायदा आक्रमकाला परत द्यावा लागला, तो यामुळेच.

कतारमधल्या 2022 च्या विश्वचषकात यावर तोडगा आला. स्टेडियमच्या छताखाली 12 कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपणारे. आणि चेंडूच्या पोटात एक संवेदक, सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवणारा. पायाचा चेंडूला स्पर्श कधी झाला हे आता चित्रावरून ताडायचे कारण उरले नाही. उद्‌घाटनाच्याच सामन्यात, तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या एनर व्हॅलेन्सियाने कतारविरुद्ध केलेला गोल या यंत्रणेने रद्द ठरवला. ही पद्धत अर्धस्वयंचलित आहे. यंत्र इशारा देते, खोलीतला पंच तो तपासून पाहतो आणि मगच मैदानावर कळवतो.

त्याच स्पर्धेत 1 डिसेंबरला जपानने स्पेनला 2-1 ने हरवले, तो विजयी गोल जवळून पाहण्यासारखा आहे. काओरु मितोमाने गोलरेषेवरून चेंडू आत ओढला आणि आओ तनाकाने तो जाळ्यात ढकलला. दूरचित्रवाणीवर बाजूने पाहणाऱ्या प्रत्येकाला चेंडू बाहेर गेलेला दिसत होता. चेंडू आणि पांढरी रेषा यांमध्ये हिरवे गवत स्पष्ट होते. पण नियम सांगतो, की संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडली पाहिजे. चेंडूचा व्यास सुमारे 22 सेंटीमीटर. तो गवताला मधोमध टेकतो आणि त्याचा फुगवटा दोन्ही बाजूंना 11 सेंटीमीटरपर्यंत हवेत असतो. त्यामुळे टेकण्याची जागा रेषेबाहेर असली, तरी वरून पाहता चेंडूचा काठ रेषेवर असू शकतो. मितोमाच्या चेंडूचा काठ तसा होता. गोलरेषेच्या कॅमेऱ्यांनी ते दाखवले, गोल मान्य झाला, आणि त्या एका निकालाने जर्मनी स्पर्धेबाहेर गेला. उघड्या डोळ्यांनी हा निर्णय कोणत्याही पंचाला बरोबर देता आला नसता. व्हीएआरचे समर्थन करायचे, तर या गोलाइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

‘तपासणी पूर्ण’

आणि विरोधात बोलायचे, तर 30 सप्टेंबर 2023 चा टॉटनहॅम-लिव्हरपूल सामना. प्रीमियर लीगची व्हिडिओ खोली लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या स्टॉकली पार्कमध्ये आहे. गोलफलक कोरा असताना लिव्हरपूलच्या लुईस डियाझने चेंडू जाळ्यात मारला आणि साहाय्यक पंचाने ऑफसाइडचा झेंडा वर केला. खोलीत रेषा आखल्या गेल्या. त्या बरोबर होत्या: डियाझ ऑफसाइड नव्हता. पण मैदानावर गोल दिला गेला आहे, अशी व्हीएआरची समजूत झाली होती. त्यामुळे ‘तपासणी पूर्ण’ असे सांगून तो मोकळा झाला. पंचाने त्याचा अर्थ ‘ऑफसाइड कायम’ असा घेतला आणि फ्री किकने खेळ सुरू झाला. काही सेकंदांत दृश्य चालवणाऱ्या तंत्रज्ञाने घोटाळा ओळखला आणि विचारले. खोलीत क्षणभर गोंधळ उडाला, खेळ थांबवा असा निरोपही बाहेरून आला. पण खेळ सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही, हा नियम आडवा आला. लिव्हरपूल 2-1 ने हरले, तेही भरपाई वेळेतल्या स्वयंगोलाने.

कॅमेरे, रेषा, संगणक यांपैकी काहीही चुकले नव्हते. चुकले ते एक वाक्य. मैदानावरचा मूळ निर्णय काय होता आणि तपासणीनंतर तो काय झाला, हे दोन्ही बाजूंनी मोठ्याने बोलून पक्के केले असते, तर गोल राहिला असता. इंग्लंडच्या पंच संघटनेने नंतर हे संभाषण जाहीर केले आणि खोलीतल्या बोलण्याची पद्धत कडक केली. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष एकमेकांचे वाक्य परत उच्चारतात. पंचांनाही आता तेच शिकावे लागत आहे.

गॅलरीतला माणूस

या साऱ्यात सर्वांत कमी विचार झाला तो मैदानात तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाचा. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला रेषा दिसतात, समालोचकाचे स्पष्टीकरण ऐकू येते. स्टेडियममध्ये बसलेला तीन मिनिटे नुसता ताटकळतो. गोल झाल्यावर बेभान ओरडायचे, की आधी पंचाचा हात कानाकडे जातो का ते पाहायचे, हा संभ्रम आता कायमचा झाला आहे.

नॉर्वेत जुलै 2024 मध्ये रोझेनबोर्ग आणि लिलेस्ट्रोम यांचा सामना प्रेक्षकांनी व्हीएआरच्या विरोधात फिशकेक आणि टेनिस बॉल फेकून बंद पाडला. तरीही मार्च 2025 मध्ये तिथल्या महासंघाच्या सभेने व्हीएआर ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. स्वीडनमध्ये क्लबांची बहुमताची मालकी सभासदांकडे असते. त्या सभासदांनीच 2024 मध्ये ही पद्धत दारातून परत पाठवली. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी वुल्व्हरहॅम्प्टनने ती बंद करण्याचा ठराव मांडला आणि 19 विरुद्ध 1 मतांनी तो पडला. क्लबांना ती आवडत नाही, पण तिच्याशिवाय राहायची भीती जास्त आहे.

निदान निर्णय समजावून सांगण्याची सुरुवात झाली आहे. 2023 च्या महिला विश्वचषकात पंचांनी पुनर्पाहणीनंतरचा निर्णय ध्वनिक्षेपकावरून स्टेडियमला सांगितला. ही साधी गोष्ट पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती.

आणखी एका परिणामाकडे फारसे लक्ष गेले नव्हते. गोलची संधी असताना साहाय्यक पंच ऑफसाइडचा झेंडा थोडा उशिरा उचलतो, म्हणजे निर्णय चुकीचा निघाला तरी गोल बुडत नाही. तोवर खेळाडू जिवाच्या आकांताने धावतच राहतात. मे 2025 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा तायवो अवोनियी अशाच एका चालीत गोलखांबावर आदळला. पोटाला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला काही काळ औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले. चालीच्या सुरुवातीलाच ऑफसाइड होता, फक्त झेंडा उशिरा वर आला. ज्या ठिकाणी ऑफसाइड डोळ्यांना स्वच्छ दिसतो, तिथे झेंडा रोखून धरण्याचे काहीच कारण नाही.

नवी मुंबई, मडगाव, दोहा

भारतात व्हीएआर येऊन गेला आहे. 2022 च्या सुरुवातीला मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झालेल्या महिला आशियाई चषकात उपांत्यपूर्व फेरीपासून तो वापरला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकातही तो होता. मडगावच्या फातोर्डा मैदानावर उपांत्य सामने आणि नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये अंतिम सामना झाला. स्पर्धा संपली आणि यंत्रणा तिच्याबरोबर गेली. इंडियन सुपर लीगच्या पंचांच्या हाती शिट्टीच उरली.

3 मार्च 2023 रोजी याच लीगच्या सामन्यात बेंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर सुनील छेत्रीने अतिरिक्त वेळेत झटपट फ्री किक घेतली. केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहायच्या आत चेंडू जाळ्यात गेला. केरळचा संघ मैदान सोडून गेला, आणि नंतर महासंघाने त्याला चार कोटींचा दंड केला. ‘भारतात व्हीएआर आणा’ ही मागणी त्या रात्री जोरात उठली. पण तो वाद पंचाने झटपट किक घ्यायची मुभा दिली होती का, याचा होता. ते फक्त पंच सांगू शकतो. कोणत्याही कोनातल्या चित्रात ते दिसत नाही. व्हीएआर असता, तरी तो गोल बहुधा तसाच राहिला असता.

11 जून 2024 ची दोहातली गोष्ट वेगळी. विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात कतारविरुद्ध भारत लालियनझुआला छांगटेच्या गोलमुळे 1-0 ने पुढे होता. 73 व्या मिनिटाला गुरप्रीतसिंग संधूने हेडर अडवला, चेंडू गोलखांबाच्या बाजूने सरळ रेषेबाहेर गेला. भारतीय खेळाडू कॉर्नर समजून थांबले. कतारच्या खेळाडूने चेंडू बाहेरून आत ओढला आणि युसेफ आयमनने गोल केला. पंचांनी तो दिला. पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआरची सोय नव्हती. भारत 2-1 ने हरला आणि तिसऱ्या फेरीची संधी गेली. इथे काखेच्या रेषा नकोत, चेंडूत संवेदक नको. प्रक्षेपणाचे एक दृश्य पंचाने पुन्हा पाहिले असते, तरी पुरले असते.

पूर्ण व्हीएआर महाग आहे. पुरेसे कॅमेरे, खात्रीच्या जोडण्या, प्रशिक्षित पंच आणि तंत्रज्ञ, त्यावर फिफाची मान्यता, हे सगळे प्रत्येक मैदानासाठी उभे करावे लागते. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्यासाठी फिफाने ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ ही सुटसुटीत पद्धत पुढे आणली आहे. तिच्यात वेगळी खोली नाही आणि खोलीतला पंचही नाही. प्रशिक्षकाला प्रत्येक सामन्यात दोन वेळा दाद मागता येते; तो हवेत बोट फिरवून खूण करतो, आणि मग मैदानावरचा पंच कडेच्या पडद्यावर स्वतः पाहून निर्णय देतो. दाद बरोबर ठरली तर ती संधी शिल्लक राहते. 2024 मध्ये कोलंबियात वीस वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकात ती वापरली गेली, आणि 2025-26 च्या हंगामापासून इटलीच्या तिसऱ्या श्रेणीतल्या ‘सेरी सी’नेही ती घेतली. तिला मोजके कॅमेरे पुरतात, आणि आपल्या लीगचे सामने तर आधीच अनेक कॅमेऱ्यांनी टिपले जातात.

भारतीय महासंघाने पूर्ण व्हीएआरची वाट पाहत बसू नये. इंडियन सुपर लीगमध्ये पुढच्या हंगामापासून ही सुटसुटीत पद्धत आणावी, आणि पहिला खर्च कॅमेऱ्यांवर न करता पडद्यासमोर नेमके पाहायला आणि नेमके बोलायला शिकलेले पंच तयार करण्यावर करावा.